विज्ञानकथेची पटकथा नागपुरात बसून शिकता येईल का?

तुम्ही विचारलंय: बी.एस्सी. झालंय, सिनेमा आणि वेब सिरीजसाठी विज्ञानकथा लिहायच्या आहेत, मुंबईला जाणं सध्या शक्य नाही, मग सुरुवात कुठून करू? मी नागपूरचाच. मालिकांचे भाग लिहून पोट भरतो, तेव्हा जे माहीत आहे ते सांगतो.

यान, रोबो, परग्रहावरचे पाहुणे तूर्तास बाजूला ठेवा. जग आहे तसंच राहू द्या, त्यातली एकच गोष्ट बदला, आणि तो बदल कॅमेऱ्याला कशात दिसेल ते शोधा. कागदावरच्या कथेत लेखक मध्येच थांबून समजावून सांगू शकतो. पटकथेत ती सोय नाही.

उदाहरणाला आपला उन्हाळाच घ्या. लिहायला बसणारा पहिल्या झटक्यात पारा 55 वर नेतो. त्यातून पडद्यावर काय मिळतं? घाम पुसणारी माणसं. ती तर आत्ताही सीताबर्डीवर दिसतात. त्यापेक्षा बी.एस्सी.चं भौतिकशास्त्र बाहेर काढा. मे महिन्यातलं 45-46 अंशांचं ऊन आपण सोसतो, कारण हवा कोरडी असते. घाम भराभर उडतो आणि अंग गार पडतं. कूलरचंही तेच. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून, वारा लागू देऊन जो आकडा येतो, ते वेट बल्ब तापमान. कूलर कितीही महागाचा आणा, त्याची हवा या आकड्याखाली जात नाही. हा आकडा 35 ला पोचला की घाम येतो, पण अंग गार करत नाही. धडधाकट माणूसही सावलीत, पंख्याखाली बसून काही तासांत दगावू शकतो. प्रयोगांत तर शरीर त्याच्या बरंच आधी हार मानताना दिसलंय. आणि त्यासाठी 55 लागतच नाहीत. 38 अंश आणि ऐंशी टक्क्यांच्या वर आर्द्रता असली तरी पुरे.

मे महिन्यात पारा 38 वर आला तर नागपुरात लोक पेढे वाटतील बे! तुमची कथा इथे आहे. पारा उतरतो, माणसं खूश होऊन बाहेर पडतात, आणि धोका नेमका तेव्हाच सुरू होतो.

आता हे दाखवायचं कसं? टीव्हीवर हवामानतज्ज्ञ आणून बोलता केलात की प्रेक्षक मोबाइल काढणार. त्याऐवजी पहिल्या दृश्यात घरातला पोरगा कुरकुरत, पाइप ओढत कूलर भरताना दाखवा. दिवसातून दोनदा हे काम त्याच्याच गळ्यात असतं, एवढं प्रेक्षकाला कळलं पाहिजे. मग काही पानांनी:

आत. मागची खोली. संध्याकाळ.
बाहेर ढग. कूलर घरघरतोय. समोर आजोबा बनियनवर, अंग निथळतंय. पोरगा पाइप घेऊन येतो, कूलरचं झाकण काढून आत बघतो. सकाळी भरलेलं पाणी जिथल्या तिथे. तो खूश. पाइप तिथेच टाकून खेळायला पळतो.

कूलरचं पाणी उडत नाही, म्हणजे घामही उडत नाही, हे दिसलं, आणि संवाद एकही नाही. खर्च जवळजवळ शून्य. पैशाची अडचण शाप समजू नका: 1966 साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’मध्ये दर भागात यान ग्रहावर उतरवणं परवडणारं नव्हतं, म्हणून माणसांना थेट खाली पाठवणारं यंत्र निघालं. पुढे तीच त्या मालिकेची ओळख झाली.

सिनेमा असेल तर हे एक घर आणि एक रात्र पुरे. सिरीजला तेवढ्यावर भागत नाही. तिथे दर भागात नवा माणूस त्याच नियमावर आपटला पाहिजे. अपार्टमेंटमध्ये एकाच घरी एसी आणि जनरेटर, मग दार कोणासाठी उघडायचं? पुढच्या भागात कोराडीचं वीज केंद्र, कारण कूलिंग टॉवरमध्येही पाणी बाष्पीभवनानेच गार होतं. म्हणजे विजेची मागणी सगळ्यात जास्त तेव्हाच निर्मितीची क्षमता घटते. बघा, एकाच नियमातून किती निघतंय. पण पहिल्या भागात ठरवलेला नियम सहाव्या भागात सोयीसाठी वाकवलात तर विज्ञानकथेचा प्रेक्षक माफ करत नाही. प्रेमकथेचा कदाचित करेल.

वाचनासाठी मराठी विज्ञानकथाकार जयंत नारळीकर, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर आहेतच. त्यांची एखादी कथा घ्या, कॅमेऱ्याला दिसणार नाही किंवा माइकला ऐकू येणार नाही असं प्रत्येक वाक्य पेन्सिलने खोडा, आणि उरलेल्यातून दृश्यं लिहून बघा. घाम फुटेल, पण यातून जेवढं येतं तेवढं दुसऱ्या कशातून मला तरी आलेलं नाही.

बाकी तांत्रिक गोष्टी आठवड्याभरात येतात. दृश्याच्या माथ्यावर आत की बाहेर, जागा, वेळ. साधारण एक पान म्हणजे एक मिनिट. रीतसर शिकायचं असेल तर पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट संस्थेत पटकथालेखनाचा अभ्यासक्रम आहे. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेतलं की पटकथेची नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. कोणाला मेल करण्याआधी तेवढी करून ठेवा. मुंबईच्या दुरांतो गाडीचं तिकीट त्यानंतर, कोणी भेटायला बोलावलं तर.