जर्मनीत नोकरी मिळालीय, घर मिळत नाही आणि बायको आता नको म्हणतेय. आधी मी एकट्याने जावं का?

अजिबात नको. सगळे मिळून जा.

आमचं श्टुटगार्टला जायचं ठरलं तेव्हा माझ्या मोठ्या दिरांनी नवऱ्याला हेच सांगितलं होतं. "तू पुढे हो, घर बघ, मग हिला आणि पोराला बोलाव. बायका ऐन वेळी कच खातात." मी समोरच बसले होते. मी का कचरतेय हे कुणी विचारलं नाही. देश सोडायची मला भीती नव्हती. ज्या घरात दिवसभर मी असणार, ते मला न विचारता ठरणार होतं, हे मला सलत होतं.

एका एजंटने व्हिडिओ कॉलवर फ्लॅट दाखवला. नवरा बाल्कनी बघून खूश. मी म्हटलं, स्वयंपाकघर दाखवा. भिंतीतून बाहेर आलेले पाइप आणि छताला लोंबणारी वायर. ओटा नाही, सिंक नाही, दिवासुद्धा नाही. तिकडे पुष्कळ घरं अशीच मिळतात. जाहिरातीत 'आइनबाउक्युशे' लिहिलं असेल तर बसवलेलं किचन मिळतं. 'तीन खोल्यां'त हॉलही धरलेला असतो, आणि भाडं 'काल्ट' असेल तर हीटिंगचा खर्च वेगळा. हे सगळं मी विचारलं, तर दीर म्हणाले, "ही आता खुसपटं काढायला लागली."

शेवटी फर्निचरसकट तात्पुरतं घर घेऊन आम्ही तिघं गेलो आणि तिथून घरं बघितली. एका घरात मुलाने खिडकीची मूठ वर फिरवली, तशी ती वरून आत झुकली आणि तो दचकला. मालकीणबाईंनी त्याचा हात धरून ती बंद करायला शिकवली. मग जिन्यात नेऊन 'केअरवॉखे'ची पाटी दाखवली. ती ज्याच्या दारावर, त्या आठवड्यात जिना त्याने झाडायचा. जिन्याबद्दल त्या सगळं माझ्याशी बोलत होत्या. ते घर आम्हाला मिळालं. एकट्या पुरुषाला त्यांनी ते दिलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

तात्पुरतं घर घेताना तिथल्या पत्त्यावर रहिवासी म्हणून नोंदणी करता येईल का, हे आधी विचारा. राहायला गेल्यापासून 2 आठवड्यांत ती करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. टॅक्स नंबर त्यानंतर पोस्टाने येतो. डिपॉझिट महिन्याच्या काल्ट भाड्याच्या 3 पटींहून जास्त मागता येत नाही, आणि ते 3 हप्त्यांत देता येतं. मालकाने नेमलेल्या एजंटची फी 2015 पासून भाडेकरूकडून घेता येत नाही. "पैसे पाठवा, किल्ली पोस्टाने येईल" म्हणणारा सरळ चोर समजा.

मूल दहावी-बारावीला असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. तात्पुरतं घर महाग पडतं हेही खरं, आणि दीर आजही तो खर्च काढतात. पण मुलाने त्याच पत्त्यावरून शाळा सुरू केली आणि बापाशिवाय एक दिवस काढला नाही, हे त्या हिशेबात कधीच येत नाही.

बायकोला "का नको" ते नीट विचारा, आणि पुढच्या व्हिडिओ कॉलला फोन तिच्या हातात द्या.