कूलंट सारखं कमी होतंय, नुसतं पाणी ओतत राहिलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की गाडी ७ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे, दर महिन्या-दीड महिन्याला बाटलीतली पातळी ‘मिन’च्या खाली जाते, गॅरेजवाले ‘साधं पाणी टाका, काही होत नाही’ म्हणतात, आणि मे महिन्यात घरच्यांना घेऊन पुण्याहून महाबळेश्वरला जायचंय.

काय ओतायचं ते पुढे सांगतो, पण आधी ते जातंय कुठे हे शोधा. कूलंट पेट्रोलसारखं जळून संपत नाही, बंद चक्रात फिरत राहतं. वर्ष-दोन वर्षांत थोडं उतरलं तर समजू शकतो. दर महिन्याला उतरतंय म्हणजे कुठून तरी गळतंय, आणि तुम्ही वरून भरत राहिलात की ती गळती झाकली जाते. घाटात भर उन्हात ती एकदम उघडी पडते.

रात्री गाडी लावताना इंजिनखाली जुना पुठ्ठा ठेवा आणि सकाळी डाग बघा. एसीचं पाणीही खाली ठिबकतं, त्याने घाबरू नका. ते बिनरंगी असतं आणि बोटाला चिकट लागत नाही. कूलंट रंगीत, किंचित बुळबुळीत असतं. मग बॉनेट उघडून रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या होज पाइपच्या क्लिपा, रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या कडा आणि वॉटर पंपाची खालची बाजू टॉर्च मारून बघा. कूलंट वाळलं की पांढरट-हिरवट खरपुडी धरतं, ती दिसली की जागा सापडली. ड्रायव्हरशेजारच्या सीटखालची चटई ओली लागत असेल, केबिनमध्ये गोडसर वास येत असेल आणि काचेवर आतून तेलकट वाफ धरत असेल, तर हिटरची जाळी गळतेय.

बाहेर काहीच सापडलं नाही तर मात्र गंभीरपणे घ्या. इंजिन ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. तिथे दुधाच्या चहासारखा चिकटा जमला असेल, इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहत असेल, किंवा इंजिन चालू असताना कूलंटच्या बाटलीत सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅसकेटचा, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलचा, संशय घ्यायला हवा. पावसाळ्यात फक्त जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत झाकणाला थोडा चिकटा दमटपणामुळेही येतो, म्हणून एकाच खुणेवरून हेड उघडू देऊ नका. आधी प्रेशर टेस्ट करून घ्या. झाकणाच्या जागी हातपंप लावून सिस्टीममध्ये दाब भरतात आणि काटा उतरतो का ते बघतात. काम थोडक्या वेळाचं आहे. ज्या गॅरेजमध्ये हे साधन नाही तिथे गळतीचं निदान करून घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

रेडिएटरच्या झाकणाकडे तर कुणी बघतच नाही. त्यात दोन व्हॉल्व असतात. इंजिन तापल्यावर ठरावीक दाबापर्यंत एक व्हॉल्व कूलंट अडवून धरतो, बहुतेक गाड्यांत हा दाब १ बारच्या आसपास असतो. त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही, कूलंट लवकर उकळतं आणि बाटलीतून बाहेर सांडतं. दुसरा व्हॉल्व इंजिन थंड झाल्यावर बाटलीतलं कूलंट परत रेडिएटरमध्ये ओढून घेतो. तो अडकला तर बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर अर्धा रिकामा असतो. ७ वर्षांच्या गाडीला झाकण बदलून टाका. गाडीच्याच मॉडेलचं, तेवढ्याच दाबाचं घ्या.

आता पाण्याबद्दल. रस्त्यात अडकलात आणि जवळ दुसरं काहीच नसेल तर पिण्याचं पाणी टाकून घरी या, त्यात गैर काही नाही. सवय म्हणून टाकू नका. बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात, आणि दर वेळच्या पाण्याने कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं पातळ होत जातात. मग ॲल्युमिनियमचं हेड, पंपाचा पंखा, थर्मोस्टॅट सगळंच खायला लागतं. ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला’ असं म्हणणारे हा गंज विसरतात. शिवाय ग्लायकॉल (कूलंटमधला मुख्य घटक) आणि पाणी निम्मं-निम्मं असलेलं मिश्रण उघड्यावरही १०७ अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वर साधारण १३५० मीटर उंचीवर आहे. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळायला लागतं.

उलट टोकही नको. कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, तसंच ओतलं तर नुकसानच होतं, कारण पाण्याइतकी उष्णता ग्लायकॉल वाहून नेत नाही. बाटलीवर ‘रेडी टू यूज’ असेल तर थेट टाका. कॉन्सन्ट्रेट असेल तर त्यात डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे बॅटरीसाठी मिळतं ते पाणी, सांगितलेल्या प्रमाणात मिसळा. ॲसिड नव्हे, पाणी, हे दुकानात नीट सांगून घ्या.

रंगावर अजिबात विसंबू नका. हिरवा, गुलाबी, निळा हे कंपन्यांनी घातलेले रंग आहेत, त्यावरून आतलं रसायन कळत नाही. गाडीच्या पुस्तकात कुठल्या प्रकारचं कूलंट दिलंय ते बघा आणि तेच घ्या. तुमच्या गाडीत आधी काय भरलंय हेच कळत नसेल आणि मधे पाणीही पडलेलं असेल, तर टॉप-अपचा नाद सोडून सगळं काढा, डिस्टिल्ड पाण्याने फ्लश करा आणि नवीन भरा. भरल्यावर हिटर पूर्ण गरमवर ठेवून रेडिएटरचा फॅन लागेपर्यंत इंजिन चालू ठेवायला सांगा, नाहीतर आत हवा अडकते. काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात सोडू देऊ नका. चवीला गोड असतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात, आणि इथिलीन ग्लायकॉल त्यांच्यासाठी आणि लहान मुलांसाठी जीवघेणं विष आहे.

पातळी बघायची ती सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, सपाट जागेवर. ‘मिन’ आणि ‘मॅक्स’च्या मधे असली की पुरे, गळ्यापर्यंत भरलेलं तापल्यावर बाहेरच येणार.

महाबळेश्वरच्या वाटेवर खंबाटकी आणि वाईच्या पुढचा पसरणी घाट, दोन्हीकडे चढ आहे. सुट्टीच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जाताना इंजिनावर भार पूर्ण असतो आणि रेडिएटरला वारा मिळत नाही. तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकला की एसी लगेच बंद करा, हिटर आणि ब्लोअर पूर्ण सोडा. घामाघूम व्हाल, पण इंजिनातली उष्णता केबिनमध्ये निघून जाते. तरी काटा चढत राहिला तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. झाकणाला हात लावू नका, किमान अर्धा-पाऊण तास तरी नाही. वरचा होज पाइप हाताला थंड लागेपर्यंत थांबा. दाबाखालचं उकळतं कूलंट तोंडावर, हातांवर उडून लोक वाईट भाजतात. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणंही टाळा, हेडला तडा जाऊ शकतो.

निघायच्या आठवडाभर आधी प्रेशर टेस्ट करून घ्या, म्हणजे काम निघालं तर ते करून एखादी लांब फेरी मारून बघायला वेळ मिळेल. गळती वॉटर पंपाची निघाली तर तुमच्या इंजिनात तो टायमिंग बेल्टवर चालतो का ते विचारा. तसं असेल तर बेल्टही त्याच वेळी बदला, मजुरी एकदाच पडते.