दम तयार, पाय कच्चे

प्रश्न : साडेतीन महिन्यांनी चौदा दिवसांचा ट्रेक आहे. रोज साधारण १८ किलोमीटर, पाठीवर १२ किलो. मी आठवड्यातून चार दिवस ५ किलोमीटर धावते. एवढं पुरेल का?

उत्तर : दमाला पुरेल, पायांना नाही. धावण्याने हृदय आणि दम काही आठवड्यांतच सुधारतात, पण कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे चिवट पट्टे) आणि पावलांची हाडं ओझ्याला सरावायला महिने घेतात. त्यामुळे फसतात ती दमदार माणसंच! श्वास लागत नाही म्हणून वजन भराभर वाढवतात आणि पावलाच्या लांब हाडाला बारीक तडा जातो. सैनिकांच्या लांब कूचीत हे इतकं दिसायचं की त्याला ‘मार्च फ्रॅक्चर’ असं नावच पडलं.

धावण्याचे दोन दिवस ठेवा. उरलेल्या दोनपैकी एक दिवस सॅक घेऊन तासभर चाला, आणि एक दिवस मोठी चाल करा. सुरुवात ४ किलो वजन आणि ८ किलोमीटरच्या मोठ्या चालीने. एका आठवड्यात वजन २ किलोने वाढवा किंवा मोठी चाल २ किलोमीटरने. दोन्ही एकदम कधीच नको. दर चौथ्या आठवड्याला वाढ थांबवून थोडं मागे या. नवव्या आठवड्यापासून मोठी चाल लागोपाठ दोन दिवस करून बघा. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी, आखडलेल्या पायांनी बूट चढवताना होते. शेवटच्या आठवड्यात सगळं निम्म्यावर आणा. राहिलेला सराव तेव्हा भरून काढायला गेलात, तर थकलेले पाय घेऊन निघाल.

सरावात सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरा. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे हिशेब सोपा. शिवाय गुडघा कुरकुरला तर वर पोहोचल्यावर पाणी ओतून हलकं होऊन उतरता येतं.

प्रश्न : चढ आरामात जमतो, पण उतरून आल्यावर दोन दिवस मांड्यांमुळे जिना उतरवत नाही. जवळपास डोंगरही नाही. काय करू?

उत्तर : उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराला आवरून धरतो, म्हणजे ब्रेकचं काम करतो. त्यात त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दुखणं एक ते तीन दिवसांनी शिगेला पोहोचतं. दिलासा असा की त्याच प्रकारचा ताण एकदा सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे बराच कमी दुखतो. तेव्हा हा ताण घरीच, हप्त्याहप्त्याने द्या.

साधारण २० सेंटिमीटर उंच पायरीवर एका पायावर उभे राहा. दुसऱ्या पायाची टाच तीन सेकंद मोजत सावकाश जमिनीला टेकवा आणि परत वर या. प्रत्येक पायाने दहा वेळा, असे तीन फेरे, आठवड्यातून तीनदा. गुडघा आत झुकू देऊ नका. तो पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा. तीन आठवड्यांनी हेच सॅक घेऊन करा, मग जिने उतरा. लिफ्टने वर जाऊन पायी उतरलात तरी कोणी हसणार नाही.

काठ्या वापरत असाल तर सपाटीवर कोपर काटकोनात राहील इतकी लांबी ठेवा आणि उतारावर ती ५ ते १० सेंटिमीटर वाढवा. गुडघा सुजत किंवा अडकत असेल, तर मात्र व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : तासाभरात खांदे भरून येतात. सॅक महाग घेऊनही!

उत्तर : बहुधा कंबरपट्टा पोटावर बांधला जातोय. आधी सगळे पट्टे सैल करा. कंबरपट्टा खुब्याच्या हाडांच्या वरच्या कडेवर बसवून घट्ट आवळा, मग खांद्याचे पट्टे ओढा, छातीचा सगळ्यात शेवटी. बहुतेक भार कंबरेवर यायला हवा. जड सामान पाठीला चिकटून, मधल्या उंचीवर ठेवा. एकूण वजन स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत ठेवणं बरं.

प्रश्न : फोड टाळायचे कसे?

उत्तर : बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, ट्रेकचेच मोजे घालून निवडा. पुढे अंगठाभर जागा हवी. नखं सरळ कापा. चालताना एखादी जागा गरम लागली की तिथेच थांबा, पाय कोरडा करून टेप लावा. ‘पुढच्या विश्रांतीला बघू’ म्हणालात की फोड आलाच.

प्रश्न : १८ किलोमीटरला किती तास धरावेत?

उत्तर : विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा नियम अजून उपयोगी पडतो : ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा. १८ किलोमीटर आणि ९०० मीटर चढाई असेल तर पाच तासांहून किंचित जास्त. यात विश्रांती नाही आणि जड ओझंही धरलेलं नाही. आमच्या मते दीडपट धरा, म्हणजे साडेसात-पावणेआठ तास. अंधार पडण्याच्या तासभर आधी मुक्कामी पोहोचायचं असं ठरवून तिथून मागे मोजा आणि निघायची वेळ काढा.