बाबांच्या बोटीचं काय झालं?

बंदरकाठ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : काका, माझे बाबा मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर जाणाऱ्या प्रवासी जहाजांवर ते २८ वर्षं बटलर होते, त्यातली १९ वर्षं एकाच बोटीवर. आता आम्ही कोपरखैरण्याला राहतो, बाबा ८३ वर्षांचे आहेत. त्यांची बोट भंगारात गेली हे मला मागच्या महिन्यात त्यांच्या एका जुन्या सोबत्याकडून कळलं. बाबांना अजून सांगितलेलं नाही. समुद्राचा विषय निघाला की ते म्हणतात, ‘आपली बोट आता कुठे असेल गं?’ मला काय बोलावं सुचत नाही. भंगारात गेलेल्या बोटीचं नक्की काय करतात? बाबांना सांगावं का? आणि तिची एखादी वस्तू मिळेल का? – एक मुलगी, कोपरखैरणे

उत्तर : ताई, सांगा. मी ३१ वर्षं जहाजांवर इंजिनिअर म्हणून काढली. बोटीवर आयुष्य घालवलेल्या माणसाला बोट मोडीत निघते हे ठाऊक असतं. त्याला खुपतं ते न कळणं. ‘कुठे असेल’ असं ते पुन्हा पुन्हा विचारतात, कारण त्यांना तिचा शेवटचा मुक्काम माहीत करून घ्यायचा आहे. तो कसा असतो ते मी सांगू शकतो, कारण २००९ साली एका जुन्या प्रवासी फेरीबोटीला तोडण्यासाठी गुजरातमधल्या अलंगच्या किनाऱ्यावर चढवायला जे सोळा जण गेले होते, त्यांत मी होतो.

ती फेरी आधी युरोपच्या थंड समुद्रात चालली, म्हातारपणी ग्रीसकडे आली. पिरियस बंदरातून आम्ही तिला घेऊन निघालो. हजार-बाराशे माणसांसाठी बांधलेल्या बोटीवर आम्ही सोळा. खाली गाड्यांचा डेक मोकळा, पाऊल टाकलं तरी आवाज घुमायचा. एक लहान मुलांची खोली होती, भिंतीवर निळे-पिवळे मासे रंगवलेले. रात्रीची पाळी संपली की मी उगाच त्या खोलीत जाऊन बसायचो. वाटेत तिचं नाव बदललं होतं, झेंडाही बदलला होता. शेवटच्या प्रवासाला निघालेल्या पुष्कळ जहाजांच्या बाबतीत हे होतं. जुन्या नावावर रंग मारलेला असतो, पण अक्षरं वेल्डिंगने काढलेली असली की ती रंगाखालून वाचता येतात. बदलत नाही तो आयएमओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, क्रमांक. सात आकड्यांचा हा क्रमांक जहाजाला जन्मभर एकच राहतो. बाबांच्या जुन्या कागदपत्रांत तो असेल तर शोधून ठेवा. बोट कुठे तुटली याचा माग नावापेक्षा त्यानेच नीट लागतो.

अलंग भावनगर जिल्ह्यात आहे, खंबातच्या आखातात. १९८३ पासून तिथे जहाजं तोडतात. जागा तीच का, तर भरती-ओहोटीमुळे. तिथे उधाणाला पाणी दहा मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, आणि किनारा उतरता, सपाट आहे. भरतीला जहाज स्वतःच्या इंजिनाने वर चढवायचं, ओहोटीला ते कोरड्यात पडतं. आम्ही भावनगरजवळ नांगर टाकला. कस्टम, बंदर, प्रदूषण मंडळ अशा सगळ्यांची माणसं येऊन तपासून गेली आणि मग पौर्णिमेची वाट बघत बसलो.

त्या दिवशी दुपार कलली होती. मी खाली इंजिन कंट्रोल रूममध्ये होतो. वरून हुकूम आला, पूर्ण वेगाने पुढे. बाई, तळ लागू नये म्हणून आयुष्यभर जीव टांगणीला लावलेला माणूस मी, आणि त्या दिवशी तळ लागावा म्हणून इंजिनाला सगळी ताकद देत होतो. मला वाटलं होतं मोठा धक्का बसेल. तसं काही झालं नाही. बोट जड झाली, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, किंचित उचलली गेली, इंजिनाचे फेरे कमी होऊ लागले. थंड करायला ओढलेल्या पाण्यातून गाळ आत येऊ लागला आणि तापमानाची धोक्याची घंटा वाजायला लागली. मग हुकूम आला, इंजिन बंद. जनरेटर मी सगळ्यात शेवटी बंद केला. पंखे थांबले, दिवे गेले. चालती बोट कधी गप्प नसते, बंदरात उभी असली तरी तिच्या पोटात काहीतरी घुमत असतं. ती शांतता मी आजवर दुसरीकडे कुठे ऐकलेली नाही. आमचा बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, खारवी होता, त्याने रेलिंगला हात लावून तो कपाळाला लावला. आम्हीही लावला.

आता तोडण्याबद्दल. आधी टाक्यांतलं तेल उपसतात, वायू तपासतात आणि आत जाळायला-कापायला सुरक्षित आहे असा दाखला आल्यावर गॅस कटर चालतात. टँकर म्हणजे आतून रिकामी गुहा. प्रवासी बोट मात्र एक लहानसं गावच असते : केबिनी, गाद्या, स्वयंपाकघरं, मैलोगणती वायर. ते सगळं हाताने उतरवायला आठवडे लागतात. मग नाळेपासून कापायला सुरुवात होते, पुढचा भाग कमी झाला की मोठ्या विंचने, भरतीचा फायदा घेत, उरलेली बोट वर ओढतात. पत्र्याचे बरेचसे तुकडे वितळवावेही लागत नाहीत. ते तापवून सरळ रोलिंग मिलमध्ये लाटतात, त्यांच्या बांधकामाच्या सळया होतात. बाकीचं भट्टीत जातं. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, स्टेनलेस स्टील वेगवेगळं विकलं जातं. वजनाने पाहिलं तर बोटीचा फार थोडा भाग वाया जातो.

हे काम करणारी माणसं ओडिशा, बिहार, झारखंड, उत्तर प्रदेशातून येतात. त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. जुन्या प्रवासी बोटीत त्यांना सगळ्यात मोठा धोका ॲस्बेस्टॉसचा. आग पसरू नये म्हणून केबिनच्या भिंतींत, छतात, पाइपांच्या वेष्टनात तो भरलेला असायचा. त्याची धूळ छातीत गेली की रोग वीस-तीस वर्षांनी दिसतो, तेव्हा तो कामगार कुठल्या गावी असेल कोण सांगणार. २००५ साली ‘रिकी’ नावाने एक फेरी अलंगला आली. ती मूळची डेन्मार्कची ‘काँग फ्रेडरिक नववा’, १९५४ ची. तिच्यात ॲस्बेस्टॉस आहे, ती परत पाठवा, असं डेन्मार्कच्या पर्यावरणमंत्र्यांनी भारताला कळवलं. आपण पाठवली नाही, ती इथेच तुटली. मला तेव्हाही ते चूक वाटलं आणि आजही वाटतं. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये जहाजतोडणीसाठी निर्देश दिले होते. पुढे २०१९ मध्ये आपला जहाज पुनर्वापराचा कायदा झाला, आणि जहाजतोडणीबद्दलचा हाँगकाँगचा आंतरराष्ट्रीय करार २६ जून २०२५ पासून अमलात आला. आता बोटीत घातक वस्तू कुठे कुठे आहेत याची यादी तोडण्याआधी हातात असावी लागते. मी अलंगला गेलो तेव्हा तुकडे वाळूवर पडताना पाहिले होते. आता बऱ्याच प्लॉटमध्ये सिमेंटची पक्की जमीन आणि क्रेन आहेत. कामगाराच्या तोंडावर नीट मास्क आहे की नाही, हे मात्र रोज कुणीतरी तिथे उभं राहून पाहायला हवं.

तरीही ताई, माझं मत स्पष्ट आहे. प्रवासी बोट वेळेवर मोडीत निघणं हा तिचा चांगला शेवट. वाईट शेवट वेगळा असतो. श्रीमंत देशात म्हातारी ठरलेली फेरी गरीब देशात विकली जाते आणि माणसं कोंबून चालवली जाते. फिलिपिन्सची ‘डोन्या पाझ’ जपानमध्ये १९६३ साली बांधलेली होती. २० डिसेंबर १९८७ च्या रात्री ती एका तेलवाहू जहाजावर आदळली, आग लागली आणि चार हजारांहून जास्त माणसं गेली. परवानगीच्या कितीतरी पट प्रवासी तिच्यावर होते. नवं आयुष्य मिळालेल्या बोटीही असतात : २०१८ मध्ये मुंबई–गोवा सुरू झालेली ‘आंग्रिया’ मूळची जपानची, टोकियोहून ओगासावारा बेटांकडे जाणारी; पुढे तीही सेवा बंद पडली. नव्या आयुष्यासाठी पैसा आणि काळजी दोन्ही लागतं. बाबांना हे नक्की सांगा की त्यांची बोट शेवटपर्यंत माणसं सुखरूप उतरवत राहिली. बटलरला ते कळेल. उतरणाऱ्या प्रवाशाला जिन्यापाशी हात देणारा तोच असतो.

वस्तूचं म्हणाल तर अलंगच्या रस्त्याला ‘खाडा’ म्हणतात तशा दुकानांची रांगच आहे. कपबश्या, काटे-चमचे, खुर्च्या, घड्याळं, खोल्यांच्या किल्ल्या, सगळं तिथे येतं. घंटा आणि नावाची पाटी लगेच जातात, त्यांच्या मागे लागू नका. जहाज कंपनीचं चिन्ह असलेली ताटली किंवा पेला शोधा. बाबांनी तो हजारदा पुसलेला असेल, हातात घेताच ओळखतील. मिळाली नाही तरी बिघडत नाही. त्यांना एका संध्याकाळी त्यांच्या पॅन्ट्रीचा नकाशा काढायला सांगा, कुठे काय ठेवायचे ते. मला खात्री आहे, चमच्यांचा खणसुद्धा चुकणार नाही. माझ्याकडे त्या ग्रीसच्या फेरीच्या गॅलीतली, म्हणजे स्वयंपाकघरातली, सूप वाढायची पळी आहे, खरेदीदाराला विचारून आणलेली. आमच्याकडे नेरूळला आमटी गेली सोळा-सतरा वर्षं तिनेच वाढली जाते.

प्रश्न : घोडबंदर रोडला एका दुकानात ‘जहाजाचं फर्निचर’ मिळतं. भाव बरा आहे. घ्यावं का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : लाकडी टेबल, खुर्ची, कपाट, स्टीलची भांडी जरूर घ्या. जहाजावरचं लाकूडकाम भक्कम असतं. भिंतीचे किंवा छताचे पॅनल, अग्निरोधक दारं, पाइपाभोवतीची दोरी-वेष्टनं अजिबात घेऊ नका, आणि घेतली असतील तर त्यांना भोक पाडू नका, करवत लावू नका. जुने ट्यूबलाइटचे फिटिंगही नको, त्यातल्या कपॅसिटरमध्ये घातक तेल असू शकतं. तिथे लाइफ जॅकेटंही स्वस्तात मिळतात. ती सहलीला, पोरांना घालायला म्हणून कुणी नेत असेल तर अडवा. आतला फोम किंवा कापूस जुना झाला की ते अंगात असल्याचा भरवसा तेवढा राहतो, तरंगवायची ताकद राहत नाही.

प्रश्न : आमच्या दिवाळे गावाजवळ खाडीत चुलत्यांची लाकडी प्रवासी लाँच सहा वर्षं चिखलात पडून आहे. इंजिन तसंच आहे. मोठी जहाजं अलंगला जातात, मग आमच्यासारख्या लाँचचं काय करायचं? कुणी विचारतही नाही. – एक कोळी वाचक, बेलापूर

उत्तर : दादा, विचारत नाहीत हे खरं आहे. हाँगकाँग करार ५०० टनांखालच्या जहाजांना लागू नाही. तुमची लाँच त्यात कुठून बसणार! शिवाय भंगारवाल्याला हवं असतं लोखंड, तुमच्याकडे आहे लाकूड. म्हणून कुठे इंजिन काढून, कुठे तेही न काढता, लाँच चिखलात सोडून देतात. आपल्या ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ पासून आहे, २०२२ मध्ये तिला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली. एका लाँचच्या पोटातलं डिझेल आणि जुनं तेल गाळात झिरपलं की तिथली कोळंबी, निवट्या, शिंपल्या आधी मरतात. तुम्हाला हे मी शिकवायची गरज नाही, खाडी तुमचीच आहे.

काम असं करा. आधी टाकीतलं आणि तळातलं तेल पिंपात काढून घ्या, ते खाडीत किंवा वाळूवर ओतू नका. वापरलेलं तेल घेणारे परवानाधारक असतात, त्यांना द्या. बॅटऱ्या काढा. मग इंजिन, दांडा आणि पितळी पंखा (प्रॉपेलर). सगळ्यात जास्त किंमत पंख्याची येते, तो वजनावर देण्याआधी दोन ठिकाणी भाव विचारा. त्यानंतर उधाणाला लाँच शक्य तितकी वर ओढून घ्या आणि ओहोटीला फोडा. साग असेल तर फळ्यांना गिऱ्हाईक मिळेल, खिळे काढायला मात्र वेळ द्यावा लागेल. रंग लावलेलं लाकूड चुलीत घालू नका, तळाचा रंग विषारी असतो. चुलत्यांच्या नावावरची नोंदणी मेरिटाइम बोर्डाकडून रद्द करून घ्या, नाहीतर उद्या ती वाहून कुणाला लागली तर जबाबदारी तुमच्यावर येईल.

सहा वर्षं बंद असलेल्या टाकीत तेलाची पेट घेणारी वाफ साठलेली असते. कटर किंवा ग्राइंडर घेऊन कुणालाही आत उतरू देऊ नका. मी नेरूळला राहतो, तुम्ही जवळच आहात. मासिकाच्या पत्त्यावर तुमचा नंबर कळवा, अमावस्येच्या ओहोटीला मी येतो, टाकी आपण मिळून उघडू.