छापील मराठी पुस्तक कॉम्प्युटरवर ब्रेलमध्ये कसं करायचं?

तुमचा सातवीतला भाचा कोपरखैरण्याला असतो, ब्रेल वाचतो, आणि घरातली छापील गोष्टींची पुस्तकं स्कॅन करून त्याच्यासाठी ब्रेलमध्ये करता येतील का, कोणतं सॉफ्टवेअर विकत घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

करता येतात. आणि आत्ता काहीही विकत घेऊ नका.

मी ठाण्यात नौपाड्याला डीटीपीचं काम करते. आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात, टेलिफोन ऑपरेटर म्हणून रिटायर झालेले, लहानपणापासून दृष्टी नाही. त्यांच्यासाठी मी गेली काही वर्षं पुस्तकं ब्रेलमध्ये करते. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: मजकुराचं ब्रेल करणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. शंभर पानं सॉफ्टवेअर काही सेकंदांत ठिपक्यांत उतरवतं. दिवस जातात ते त्याआधी, छापील पानाचा शुद्ध युनिकोड मजकूर, म्हणजे कोणत्याही कॉम्प्युटरला सारखाच कळणारा मजकूर, तयार करण्यात.

पान ३०० डीपीआयला, सपाट धरून स्कॅन करा. मोबाइलने फोटो काढलात तर पुस्तकाच्या शिवणीकडची अक्षरं वाकतात आणि तिथेच सगळा घोळ होतो. मग त्या चित्रातून अक्षरं ओळखून घ्यायची, म्हणजे ओसीआर. टेसरॅक्ट हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्यात मराठी आहे. ते जमत नसेल तर स्कॅन गुगल ड्राइव्हवर चढवा आणि गुगल डॉक्समध्ये उघडा, तेही मजकूर काढून देतं. पुस्तकाची पीडीएफ हाती असली तरी लगेच खूश होऊ नका. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये लावलेलं पुस्तक असेल तर कॉपी करून चिकटवल्यावर नुसती चित्रविचित्र चिन्हं येतात. अशा पीडीएफलाही सरळ ओसीआरच लावायचं.

आता प्रूफ. मी रोज प्रूफं वाचते, तरी पहिल्या पुस्तकात मार खाल्ला. काका पहिल्याच गोष्टीचं पान वाचत होते, बोट सरसर चाललं होतं आणि एका जागी थांबलं. मागे गेलं, पुन्हा आलं. म्हणाले, "अगं, कुऱ्हाडीचा धाव म्हणजे काय?" मूळ शब्द होता घाव. ओसीआरने घ चा ध केला होता आणि मी ते दोनदा वाचूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण छापलेल्या घ आणि ध मध्ये फरक तो केवढा, डोळा आपोआप बरोबर शब्द वाचून मोकळा होतो. ब्रेलचं प्रत्येक अक्षर सहा ठिपक्यांच्या एका घरात बसतं, ठिपक्यांना १ ते ६ नंबर असतात. त्यात घ म्हणजे १, २, ६ हे ठिपके आणि ध म्हणजे २, ३, ४, ६. बोटाला ती दोन अक्षरं एकमेकांच्या जवळपासही वाटत नाहीत. भ आणि म चंही तेच. त्या दिवसापासून मी घ-ध, भ-म, ख आणि 'रव', र्‍या आणि र्या यांच्यासाठी फाइल वेगळी तपासते, एकेक शब्द शोधून. ओळीच्या शेवटी तुटलेल्या शब्दांतल्या रेघा, पानाचे आकडे, प्रत्येक पानावर वर छापलेलं पुस्तकाचं नाव हेही काढून टाका, नाहीतर वाक्याच्या मधोमध "४७" येतं आणि मुलगा गोंधळतो. चित्राच्या जागी दोन ओळींत चित्रात काय आहे ते लिहा.

तुम्हाला स्वतःला ब्रेल येत नसेल तरी थोडी ओळख करून घ्या, चुका पकडायला फार उपयोग होतो. मराठीसाठी भारती ब्रेल वापरतात. सगळ्या भारतीय भाषांसाठी मिळून ही एक पद्धत १९५१ साली ठरली. इंग्रजी ब्रेलमधला बी म्हणजेच आपला ब, एम म्हणजे म. मात्रा व्यंजनानंतर ओळीने येतात. जोडाक्षरात मात्र हलन्ताची खूण, म्हणजे एकटा ४ नंबरचा ठिपका, अक्षराच्या आधी येते. 'भक्ती' हा शब्द भ, हलन्त, क, त, ई असा बोटाखाली येतो. क्ष आणि ज्ञ यांना स्वतंत्र घरं आहेत.

आकड्यांकडे खास बघा. ब्रेलमध्ये आकडे म्हणजे अक्षरंच, आधी ३, ४, ५, ६ ठिपक्यांची आकडाखूण लावलेली. ब चे ठिपके तेच २ चे, च चे तेच ३ चे. त्यामुळे "इयत्ता ५ब" एकत्र लिहिलंत आणि मधे काही खूण पडली नाही, तर मुलगा ते ५२ वाचेल, आणि "१०च रुपये" चे १०३ होतील. मी अशा जागी सरळ मोकळी जागा सोडते. गंमत म्हणजे आपला ण हाच त्या आकडाखुणेच्या ठिपक्यांचा आहे. मराठीत शब्द ण ने सुरू होत नाही म्हणून निभावतं.

सॉफ्टवेअर: लिबलुई हे मजकुराचं ब्रेल करणारं मोफत आणि खुलं सॉफ्टवेअर आहे, त्यात मराठीचं टेबल, म्हणजे कोणत्या अक्षराला कोणते ठिपके याची यादी आहे. ते कमांड देऊन चालवावं लागतं. तसं नको असेल तर साओ माई ब्रेल हेही मोफत आहे, नेहमीच्या मेनू-बटणांचं, आत लिबलुईच. छापखान्यांत डक्सबरी वापरतात, ते पैसे भरून घ्यावं लागतं आणि घरच्या कामासाठी त्याची गरज नाही.

यातून जी बीआरएफ फाइल, म्हणजे ब्रेलमध्ये झालेल्या मजकुराची फाइल, निघते ती नोटपॅडमध्ये उघडलीत तर घाबरू नका. 'मराठी' या शब्दाच्या जागी इंग्रजी एम, आर, गणितातली 'पेक्षा मोठे' ची खूण, डब्ल्यू आणि नऊचा आकडा असं दिसेल. ते बरोबर आहे. ब्रेलच्या प्रत्येक घराला कीबोर्डवरचं एकेक चिन्ह नेमलेलं असतं, एवढाच त्याचा अर्थ.

छपाईसाठी एम्बॉसर, म्हणजे कागदावर ठिपके उठवणारं मशीन लागतं, जाड कागद लागतो, आणि छापील एका पानाची ब्रेलमध्ये दोन-तीन पानं होतात. मशीन घरी घेण्याच्या फंदात पडू नका. वरळीच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडकडे किंवा झेवियर्स कॉलेजमधल्या दृष्टिबाधितांसाठीच्या केंद्रात आधी फोन करून विचारा. जिथे छापून घ्याल तिथे फाइल करण्यापूर्वीच विचारा की एका ओळीत किती घरं आणि पानावर किती ओळी. मी एकदा न विचारता ४० घरांची ओळ धरून अख्खं पुस्तक केलं, आणि त्या ठिकाणचा कागद लहान निघाला. प्रत्येक ओळ तुटून खाली दोन-तीन शब्दांचं शेपूट. काकांनी तसंच वाचलं, तक्रार केली नाही, पण मला ते आजही लागतं.

कागद टाळायचा असेल तर ब्रेल डिस्प्लेचा, म्हणजे बोटाखाली ठिपके वरखाली करून ओळ उमटवणाऱ्या यंत्राचा विचार करा. ऑर्बिट रीडर २० वर एका वेळी २० घरं उमटतात आणि मेमरी कार्डावरची बीआरएफ फाइल सरळ वाचता येते. भाचा कॉम्प्युटरवर एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरत असेल तर तेही डिस्प्लेवर ब्रेल दाखवतं, आणि त्याच्याही आत लिबलुई आहे. म्हणजे तुमचा शुद्ध केलेला मजकूर तसाच चालेल.

कॉपीराइटची काळजी करू नका. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अपंग वाचकासाठी पुस्तक वाचता येईल अशा रूपात आणायला मुभा आहे. फक्त ती फाइल विकू नका किंवा सगळीकडे पाठवत बसू नका. आणि स्कॅनिंगला बसण्याआधी सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात ते पुस्तक आधीच आहे का बघा. तिथे सापडलं तर तुमचे आठ दिवस वाचतील.

सुरुवात एका गोष्टीपासून करा, चार पानांची, भाच्याला आवडेल अशी. छापून आणा आणि तो वाचत असताना शेजारी बसा, मूळ पुस्तक हातात धरून. मधे बोलू नका. त्याचं बोट जिथे अडेल किंवा मागे जाईल, तिथे पुस्तकात पेन्सिलीने खूण करा. घरी येऊन तेवढ्या खुणा फाइलशी ताडून बघा, मग पुढची पानं घ्या.