स्वित्झर्लंडला पाच दिवस जातोय. शहरांत वेळ घालवावा, की थेट डोंगर गाठावेत?

तुम्ही लिहिलंय, वय २३, खिसा हलका, दिवस पाच आणि जाऊन आलेला प्रत्येक जण सांगतोय की 'शहरांत काही ठेवलं नाही, सरळ वर बर्फात जा.' मलाही हेच सांगितलं होतं. ऐकलं आणि गेलो. युंगफ्राउयोखचं स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे, पूर्ण तिकीट दोनशे फ्रँकच्या पुढे जातं, आणि मी पोचलो तेव्हा वर दुधाच्या पातेल्यात डोकं घातल्यासारखं सगळीकडे पांढरंफटक होतं. शेजारच्या बाकावर सुरतचं एक कुटुंब ठेपले खात बसलं होतं, त्यांनी मला दोन दिले. त्या दिवसाची आठवण म्हणजे ते ठेपले.

शहरांत मात्र अडीच वर्षांत किती वेळा गेलो त्याचा हिशेब नाही. मी मूळचा अकोल्याचा, शिकायला जर्मनीतल्या फ्रायबुर्गला होतो. तिथून बाझल जेमतेम पाऊण तास. बाझलमधलं एक स्टेशन स्विस हद्दीत असूनही जर्मन रेल्वेचं आहे, त्यामुळे जर्मनीचा महिन्याचा पास तिथपर्यंत चालतो. पुढे ट्राम. कॉलेज सुटल्यावर मूर्तिजापूरला जाऊन यावं तसा मी परदेशात जाऊन येत असे. तेव्हा माझं उत्तर थोडं पक्षपाती आहे, हे आधीच सांगतो.

सुरुवात बाझलपासूनच करा, आणि जून ते ऑगस्टमध्ये जात असाल तर पोहण्याचे कपडे घेऊन जा. संध्याकाळी साडेपाच-सहाला ऱ्हाईनच्या काठी उभं राहिलात की कळेल मी काय म्हणतोय ते. ऑफिस सुटलेली माणसं काठावर येतात, शर्ट-पँट, बूट, किल्ल्या सगळं एका माशाच्या आकाराच्या रंगीत पिशवीत कोंबतात, पिशवीचं तोंड गुंडाळून बक्कल लावतात आणि ती पिशवी छातीशी धरून नदीत उतरतात. मग प्रवाहासोबत तरंगत घराकडे. गप्पा मारत, एखादी बाई शेजारणीला काहीतरी सविस्तर सांगत, पुलाखालून सगळी वरात निघून जाते. पिशवीला विकेलफिश म्हणतात. तोंड गुंडाळलं की आत हवा राहते, त्यामुळे ती तरंगते आणि थोडा आधारही देते. पण तिच्या भरवशावर न पोहणाऱ्याने उतरायचं नाही.

मी मामाच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेला. विहिरीचं पाणी जागचं हलत नाही आणि ऱ्हाईन थांबत नाही, एवढाच फरक, पण तो पहिल्या दहा सेकंदांत अंगावर येतो. उतरायचं ते उजव्या काठाने, म्हणजे क्लाइनबाझलच्या बाजूने; पलीकडून मालवाहू बोटी जातात. टिंगेली म्युझियमजवळ पाण्यात शिरायचं, पुलांच्या खांबांपासून लांब राहायचं आणि बाहेर पडायच्या पायऱ्या दिसल्या की आधीपासूनच काठाकडे सरकायला लागायचं. समोर आल्यावर सरकायला लागलात तर पुढच्याच पायऱ्या मिळतील. डाव्या हाताला उंचावर लाल दगडाचं कॅथेड्रल सावकाश मागे जातं. ते काठावरून मी नंतर दहा वेळा पाहिलं असेल, पण पाण्यातून मान वर करून पाहिलेलंच लक्षात राहिलं.

पहिल्या वेळी मी घाईत पिशवीचं तोंड तीन-चार वेळाच गुंडाळलं होतं. अर्ध्या वाटेत पिशवी जड लागायला लागली, बाजूने बुडबुडे. तेवढ्यात सत्तरीच्या एक आजी पाठीवर तरंगत माझ्या बाजूने पुढे गेल्या. त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं, दोन्ही हात पाण्याबाहेर काढले आणि एका हाताची पाच, दुसऱ्याची दोन बोटं दाखवली. सात. मग तशाच निघून गेल्या. फोन दोन दिवस तांदळात ठेवला, वाचला. पाव मात्र गेला.

पोहता येत नसेल तर नावेत बसा. बाझलला चार नावा आहेत, एकीलाही इंजिन नाही. नदीवर आडवी तार टाकलेली, नाव दोराने त्या तारेला बांधलेली. नावाडी नाव प्रवाहाला तिरकी करतो आणि पाणीच तिला पलीकडे ढकलतं. परत येताना तिरकस दुसऱ्या बाजूला. आवाज फक्त पाण्याचा आणि लाकडाचा. भाडं दोन फ्रँकच्या आसपास, म्हणजे त्या देशात फुकटच. कोणी थापा मारायला लागलं की बाझलचे लोक म्हणतात, 'हे जाऊन नावाड्याला सांग.' नावाडी दिवसभर सगळ्यांचं ऐकून घेतो, म्हणून.

याच शहराची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. १९६७ मध्ये इथल्या म्युझियममध्ये ठेवलेली पिकासोची दोन चित्रं मालक घराणं विकायला निघालं. ती शहरातच राहावीत म्हणून सरकारी तिजोरीतून ६० लाख फ्रँक द्यायचे की नाही, यावर चक्क मतदान झालं. लोकांनी हो म्हटलं. कमी पडणारी रक्कम रस्त्यावर उतरून, 'भिकाऱ्यांचा उत्सव' नावाचा सोहळा करून जमवली. पिकासोला हे कळल्यावर त्याने आणखी चार चित्रं शहराला भेट दिली. आपल्याकडे नगरपालिकेच्या निवडणुकीत उमेदवार चित्रांवर मतं मागतोय, अशी कल्पना करून बघा. मी केली, जमली नाही.

बर्न. नदीचं नाव आरे. मुंबईकरांना कॉलनी आठवेल, पण ही आरे हिरव्या काचेसारखी आहे आणि जुन्या शहराला तीन बाजूंनी मिठी मारून जाते. शहर ११९१ मध्ये वसवलं ते त्सेरिंगन घराण्याने, म्हणजे ज्यांनी त्याआधी आमचं फ्रायबुर्ग वसवलं त्यांनीच. मला उगाच चुलतघरी आल्यासारखं वाटायचं. १४०५ च्या आगीत लाकडी बर्न जळालं, मग दगडात बांधून काढलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कमानींखालून सहा-एक किलोमीटर चालता येतं, पाऊस असला तरी छत्री लागत नाही. फूटपाथच्या कडेला तिरप्या लाकडी झडपा दिसतील. त्या उघडल्या की खाली तळघरात दुकान असतं, कुठे जुनी पुस्तकं, कुठे वाइन. पहिल्यांदा मला वाटलं कोळशाची कोठारं असावीत.

क्रामगासं या रस्त्यावर ४९ नंबरच्या घरात आइन्स्टाइन १९०३ ते १९०५ राहत होता. नोकरी पेटंट ऑफिसात, हुद्दा 'तिसऱ्या वर्गाचा तांत्रिक तज्ज्ञ'. थोडं पुढे घड्याळाचा मनोरा. तास भरायच्या थोडं आधी कोंबडा आरवतो, छोटी अस्वलं गोल फिरतात आणि वर बसलेला विदूषक वेळेआधीच घंटा वाजवून मोकळा होतो. स्वित्झर्लंडसारख्या देशाने आपल्या सर्वांत प्रसिद्ध घड्याळावर एक चुकीची वेळ सांगणारा बसवलाय, आणि तो रोज तासागणिक चुकतो. मी त्याच्याचसाठी थांबायचो.

झुरिकबद्दल लोक भरपूर सांगतील, मी थोडक्यात आटोपतो. १,२०० च्या वर कारंजी आहेत, पाणी पिण्याचं आहे, बाटली विकत घेऊ नका. श्पीगलगासं नावाच्या गल्लीत १ नंबरला १९१६ मध्ये 'दादा' या बंडखोर कलाचळवळीच्या लोकांचा धिंगाणा सुरू झाला, आणि त्याच वर्षी त्याच गल्लीत १४ नंबरला लेनिन भाड्याने राहत होता. गल्ली इतकी लहान आहे की त्याची झोपमोड नक्की होत असणार. ल्युसर्न सुंदर आहे, पण तिथल्या लाकडी पुलावर सकाळी दहानंतर आपली माणसं इतकी भेटतात की दादर वाटतं. सात वाजता जा. जिनिव्हात मला करमलं नाही. तो माझा दोष असेल.

लोझानला एक रात्र काढा. शहर उतारावर आहे, तळ्यापासून वर चढेपर्यंत पोटऱ्या भरून येतात. मेट्रोसुद्धा घाट चढल्यासारखी चढते. रात्री दहाला कॅथेड्रलच्या खाली जाऊन उभे राहा. वर मनोऱ्यावर कंदील घेतलेला पहारेकरी येतो आणि चारही दिशांना ओरडून सांगतो की मी पहारेकरी आहे, दहा वाजलेत. हे रात्री दोनपर्यंत दर तासाला, १४०५ पासून. पूर्वी आग लागली तर दिसावी म्हणून होतं, आता कुणी आग बघायला वर जात नाही. २०२१ मध्ये या कामावर पहिल्यांदा एका बाईची नेमणूक झाली. मी गेलो त्या रात्री खाली आम्ही चारच जण होतो. एकाने खालून हात हलवला, वरून कंदील हलला.

आता ज्या शहराचं नाव तुम्हाला कोणीही सांगणार नाही ते. विंटरथुर, झुरिकपासून रेल्वेने वीस-पंचवीस मिनिटं. माझे वडील जिनिंगमध्ये मुनीम होते. सरकी, रुई, गाठी हे शब्द मी अ-आ-ईच्या आधी शिकलो. विंटरथुरला मी फोटोंचं म्युझियम बघायला गेलो होतो. स्टेशनजवळ एक अर्धगोल, भारदस्त इमारत दिसली, आता तिथे विद्यार्थी मॅनेजमेंट शिकतात. नाव विचारलं तर फोलकार्ट. घरी आल्यावर वाचत बसलो. १ फेब्रुवारी १८५१ ला दोन फोलकार्ट भावांनी एकाच दिवशी दोन शहरांत पेढी उघडली: एकाने विंटरथुरला, दुसऱ्याने मुंबईला. मुख्य माल कापूस. पुढे दहा वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईच्या बाजाराला सोन्याचे दिवस आले. मग रेल्वे वऱ्हाडापर्यंत पोचली आणि आमच्याकडच्या गाठी थेट मुंबईच्या गोदीकडे जायला लागल्या. याच फोलकार्टने १९५४ मध्ये टाटांसोबत जी कंपनी काढली तिचं नाव दोघांच्या नावांतून जोडलं: व्होल्टास. आमच्या घरी त्यांचाच फ्रीज होता, दार लावताना पायाने ढकलावं लागणारा.

पेढीतून आलेल्या पैशाचं काय झालं तेही त्याच गावात बघायला मिळतं. पुढच्या पिढीतल्या ऑस्कर राइनहार्टने १९२४ मध्ये धंदा सोडला आणि उरलेला जन्म चित्रं जमवली. टेकडीवरचं त्याचं घर आता सरकारी म्युझियम आहे. सेझान, व्हान गॉग, आणि ब्रॉयगलचं १५६३ चं एक लहानसं चित्र, ज्यात सगळ्या गावावर बर्फ भुरभुरतोय. त्या चित्रासमोरून मी वडिलांना व्हिडिओ कॉल केला. (म्युझियममध्ये करू नये, मी बाहेर व्हरांड्यात येऊन बोललो.) सगळी हकिकत सांगितली. ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे घर आपल्याच कापसाचं हाय म्हन की. अन् आपल्या कापसाले भाव नाही." आणि लगेच, "जेवला का?"

जाता जाता: बोरघाटात-थळघाटात गाड्या ओढणारी जी जुनी विजेची इंजिनं 'खेकडा' म्हणून ओळखली जायची, त्यांतली पहिली १९२८ च्या सुमारास याच विंटरथुरच्या कारखान्यात बनली.

आता तुमच्या पाच दिवसांचं. दोन दिवस बाझल, एक बर्न, एक रात्र लोझान, उरलेल्यात झुरिकला उतरून विंटरथुर. रेल्वेचा दिवसाचा सवलतीचा पास जितक्या आधी काढाल तितका स्वस्त पडतो, जायच्या आदल्या दिवशी काढायला गेलात तर रडाल. फोनवर तिकीट काढणार असाल तर गाडी हलायच्या आत काढा. मी गाडी सुटल्यावर काढलं होतं आणि तिकीट हातात असूनही दंड भरला, चूक माझीच. बाझल आणि बर्नला हॉस्टेलमध्ये उतरलात तर शहरातल्या ट्राम-बससाठी फुकट कार्ड मिळतं, ते मागून घ्या. रविवारी स्टेशनवरची सोडून बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारीच पाव-चीज-केळी घेऊन ठेवा. आणि डोंगरावर जायचंच असेल तर जा की, मी कशाला अडवू. फक्त सकाळी वरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र बघून मगच तिकीट काढा.

पिशवी विकत घेऊ नका, महाग आहे. एखाद्या ओळखीच्या विद्यार्थ्याकडून दोन दिवसांसाठी मागून घ्या. आणि तोंड सात वेळा गुंडाळा, सहा नाही.