छिन्नी का टिचली?

प्रश्न : अक्कलकोट रोडला माझं छोटं लेथ वर्कशॉप आहे. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याची छिन्नी केली, चांगली लाल तापवून पाण्याच्या बादलीत बुडवली. पहिल्याच घावाला काचेसारखी टिचली. आमच्या गावचा लोहार असल्याच पाट्याच्या कोयत्याला पाणी द्यायचा, ते वर्षानुवर्षं टिकायचे. माझाच पाटा खराब निघाला का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : पाट्याला बोल लावू नका. उमेदवारीत मागाच्या दुरुस्तीसाठी केलेला पंच मीही असाच मोडलाय.

आपली ज्वारीची भाकरी बघा. तव्यावरची ताजी घडी होते, कडक केलेली कडकन मोडते. पीठ तेच. (उपमा इथवरच. भाकरीतलं पाणी उडतं. पोलादातून काही जात नाही, आतली मांडणी बदलते.)

पाट्यात साधारण ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो. लाल तापल्यावर तो लोखंडाच्या स्फटिकांत विरघळतो. राखेत सावकाश निवू दिलं, तर त्याला बाहेर पडायला सवड मिळते आणि लोखंड व कार्बाइडचे (लोखंड-कार्बनच्या संयुगाचे) पापुद्रे एकाआड एक बसतात. हे पर्लाइट, कानशीला दाद देतं. बादलीत बुडवलं की कार्बन आतच अडकतो, स्फटिक ताणले जातात. धातू वाकतो तो स्फटिकातले थर एकमेकांवरून सरकतात म्हणून. इथं सरकायला वावच नाही. हे मार्टेन्साइट, जर्मनीच्या आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावाचं. कानस त्यावरून घसरते, पण घाव बसला की सरळ तडा.

तुमचा लोहार इथं थांबत नव्हता. तो फक्त धार बुडवायचा, लगेच दगडावर घासून चकचकीत करायचा आणि बघत बसायचा. मागची धग धारेकडे सरकते तसा रंग चढतो : आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. छिन्नीला जांभळा दिसला, म्हणजे २८० अंशांच्या आसपास, की पुन्हा बुडवायची. तेवढ्या उष्णतेत अडकलेला थोडा कार्बन सुटतो. कडकपणा जरा उतरतो, चिवटपणा येतो.

आणि पाट्याचं पोलाद पाण्यात नको, तेलात थंड करा. पाण्यात बुडवतानाच तडकू शकतं.

तुटलेलं तोंड उजेडात धरा. साखरेसारखे दाणे चमकत असतील, तर तापवलंतही जास्त. आतले कण वाढले की तडा सोपा जातो. लोहचुंबक चिकटेनासं झालं की त्याहून थोडंच वर न्यायचं. तुकडे फेकू नका, उरलेल्या पाट्यात अजून एक छिन्नी होईल. घाव घालताना चष्मा मात्र लावा.